कृष्णवर्णीय स्त्रिया, उच्च रक्तदाब आणि ऑनलाइन ताण-आधार

अमेरिकेतील उच्च रक्तदाब असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना रोजचा ताण हाताळता यावा म्हणून फोन, व्हिडिओ कॉल किंवा अॅपवरून दिली जाणारी मदत. तिच्यात आधारगटाच्या बैठका, समुपदेशन, श्वसन व ध्यानाचा सराव आणि घरी रक्तदाब मोजण्याचे मार्गदर्शन येते. ही मदत गोळ्यांच्या जागी नसून गोळ्यांच्या जोडीने घ्यायची असते. २०२० च्या कोविड साथीत प्रत्यक्ष भेटीगाठी थांबल्या आणि ती झपाट्याने पसरली. मुळे मात्र बरीच जुनी आहेत.

अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० किंवा त्याहून जास्त दाब ‘उच्च’ धरला जातो. त्याआधी ही मर्यादा १४०/९० होती. तेथील प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना हा विकार आहे. गोऱ्या स्त्रियांपेक्षा तो त्यांना कमी वयात गाठतो, त्यांचा दाब रात्री झोपेत उतरायला हवा तेवढा उतरत नाही, आणि पुढे पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे आजार जास्त प्रमाणात होतात. ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’ असे उत्तर पूर्वी सर्रास दिले जाई. रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेने त्याला मोठा धक्का दिला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत सुमारे १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के आढळले. वंश तोच, पण राहण्याची जागा बदलली तसा आकडा दुपटीवर गेला. आहार, वजन, मीठ यांचा त्यात वाटा आहेच. पण लोक ज्या समाजात जगतात त्याचाही आहे, आणि या विषयाचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

ताण आणि रक्तदाब : ताणाच्या क्षणी अॅड्रेनलिन स्रवते, हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वर जातो. प्रसंग सरला की तो खाली येतो. एखाद्या भांडणाने कुणाला कायमचा बीपी जडत नाही. प्रसंग सरतच नसेल तेव्हा गोष्ट बिघडते. दुकानात मागे मागे फिरणारा रखवालदार, कामाच्या ठिकाणी दर वेळी नव्याने सिद्ध करावी लागणारी लायकी, मुलगा रात्री गाडी घेऊन बाहेर पडला की पोलिसांची वाटणारी धास्ती हे सगळे रोजचे असते. झोप मोडते, व्यायाम राहतो, गोळी चुकते. आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये ‘वेदरिंग’ हा सिद्धांत मांडला : भेदभाव आणि अभाव सतत सोसून शरीर वयाआधी झिजते.

शर्मन जेम्स यांनी १९८० च्या दशकात दुसरी बाजू दाखवली. नॉर्थ कॅरोलायनातील जॉन हेन्री मार्टिन या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने जेमतेम शिक्षणावर अपार कष्ट करून ७५ एकर जमीन मिळवली होती. पन्नाशीत मात्र रक्तदाब, संधिवात आणि अल्सर यांनी त्याला घेरले. यंत्राशी पैज लावून जिंकलेल्या आणि तिथेच कोसळलेल्या लोककथेतल्या जॉन हेन्रीचेच नाव त्याला मिळाले होते. हाताशी साधने नसताना निव्वळ जिद्दीने झुंजत राहण्याची किंमत शरीर मोजते, ही जेम्स यांची मांडणी ‘जॉन हेन्रीइझम’ म्हणून ओळखली जाते.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट परिचारिका-संशोधक शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये अधिक नेमकेपणाने मांडली. ‘सुपरवुमन स्कीमा’ या त्यांच्या संकल्पनेत पाच धागे आहेत : खंबीर दिसलेच पाहिजे, भावना दाबल्या पाहिजेत, कुणावर अवलंबून राहायचे नाही, साधने अपुरी असली तरी पुढे जायचेच, आणि आधी दुसऱ्यांचे मग स्वतःचे. गुलामगिरीपासून घर सावरत आलेल्या बायकांसाठी हा खंबीरपणा जगण्याचे साधन होता, त्यामुळे त्याला नुसता दोष म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण याच खंबीरपणामुळे डोके दुखत असतानाही ‘मी बरी आहे’ असे सांगितले जाते आणि तपासणी पुढे ढकलली जाते.

तक्रार केली तरी ती ऐकली जाईलच याचीही खात्री नाही. शॅलन अर्विंग या अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रात साथरोगतज्ज्ञ होत्या. आरोग्यातील विषमता हाच त्यांच्या कामाचा विषय होता. बाळंतपणानंतर त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या, तरीही जानेवारी २०१७ मध्ये, मुलीच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी, उच्च रक्तदाबाच्या गुंतागुंतीने त्यांचा मृत्यू झाला. शिक्षण, हुद्दा, विमा यांपैकी काहीही त्यांना वाचवू शकले नाही.

परंपरा : आरोग्य-कार्यकर्त्या बिली एव्हरी यांनी १९८३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. तिथून घरोघरी स्वयंसहाय्य गट उभे राहिले. बायका गोल बसून आधी आपले आयुष्य सांगत, आजारावर मग येत. चर्चच्या महिला मंडळांतली आणि ‘सिस्टर सर्कल’ या बायकांच्या आधारगटांतली हीच रीत आज पडद्यावर आली आहे. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ हे संकेतस्थळ समुपदेशक शोधून देते. ‘गर्लट्रेक’ ही चालण्याची चळवळ. २०२० मध्ये तिने चालता चालता कानात ऐकायची इतिहासावरील संभाषणमालिका काढली आणि साथीत एकट्या पडलेल्या बायकांना वेगवेगळ्या गावांत राहूनही सोबत चालता आले.

बैठक कशी चालते : गट लहान असतो, वेळ बहुधा संध्याकाळची, आणि संचालिका शक्यतो कृष्णवर्णीयच. सुरुवात रक्तदाब मोजण्याने होते. पाच मिनिटे गप्प बसायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, पट्टा कपड्यावर न बांधता उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. पट्टा दंडाला तोकडा पडत असेल तर आकडा खोटाच वाढलेला येतो, म्हणून दंडाचे माप आधी घेतात. मग संथ श्वास, एकेक स्नायू आवळून सैल सोडणे, आणि त्यानंतर बोलणे. खरे काम या बोलण्यात होते. साहेबाच्या कुठल्या वाक्याने छातीत धडधडले हे सांगताना इथे ‘तुला तसे वाटले असेल’ असे कुणी म्हणत नाही. प्रसंग समजावून देण्यात जाणारी शक्ती वाचते, हा माझ्या मते या गटांचा सर्वांत मोठा गुण आहे. नकार कसा द्यायचा, डॉक्टरांसमोर आकड्यांची वही ठेवून काय विचारायचे, याचीही तालीम होते.

परिणाम : पुरावा आशादायक आहे, पण मर्यादित. महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाने रक्तदाब उतरतो, असे कॅलिफोर्नियाच्या ओकलंडमधील ज्येष्ठ आफ्रिकन-अमेरिकनांवरील १९९५ च्या चाचणीत दिसले होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये भावातीत ध्यानाला पूरक उपाय म्हणून सावध संमती दिली. रक्तदाबासाठी खास बेतलेल्या सजगता-वर्गाने (माइंडफुलनेस) वरचा आकडा काही अंकांनी खाली येतो, असे २०२३ मधील ब्राउन विद्यापीठाच्या चाचणीत आढळले. मात्र त्यातले बहुसंख्य सहभागी गोरे होते. लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांत फार्मासिस्टनी औषधे देऊन केलेल्या २०१८ च्या गाजलेल्या प्रयोगात वरचा दाब सरासरी २७ अंकांनी उतरला. पण ते सगळे पुरुष होते. ज्या स्त्रियांना गरज सर्वाधिक, त्यांच्यावरचा अभ्यास अजून तोकडा आहे आणि ही उणीव भरून काढणे तातडीचे आहे.

मर्यादा : अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत इंटरनेट कमकुवत आहे. घरात दार लावून बोलता येईल अशी खोली प्रत्येकीला मिळत नाही. काही जणी गाडीत बसून बैठकीला येतात. १९३२ ते १९७२ या काळात सरकारी टस्कीगी प्रयोगात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवले गेले, तो अनुभव समाज विसरलेला नाही; आपले आकडे अॅपमधून कुणाच्या हाती जातात, ही शंका म्हणून रास्त ठरते. शिवाय भेदभाव करणारा साहेब जागच्या जागी राहतो, त्यावर श्वसनाचा उपाय नाही. दाब १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे असे काही दिसले, तर बैठक तिथेच थांबवून ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करायचा असतो. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी ही मर्यादा आणखी खाली, १६०/११० ला येते आणि लक्षणांची वाट पाहायची नसते.