जेवणानंतरचा चहा आणि पोथीची शाई

केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईत भिजवायची, त्यात आवळ्याची पूड आणि चहाचं पाणी घालायचं, हे घरोघरी माहीत असतं. रात्रभरात मिश्रण काळंभोर होतं. जुन्या पोथ्यांसाठी शाई करतानाही हिरडा आणि हिराकस एकत्र करत. हिरड्यात टॅनिन, म्हणजे चहातही असणारं तुरट द्रव्य, हिराकसात लोह. दोन्ही एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हीच अभिक्रिया आपण रोज जेवून उठल्यावर चहा पिऊन पोटात घडवून आणतो.

मामेबहिणीचा रिपोर्ट पाहिला आणि हे पुन्हा आठवलं. हिमोग्लोबिन ९.२. (गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय मानतात.) सकाळी चहा-पोळी, दुपारी पानावरून उठलं की अर्धा कप चहा. आणि लोहाची गोळी? "चहाबरोबरच घेते, म्हणजे मळमळत नाही." घरातल्या सगळ्यांनी तिला बीट खायला लावलं होतं, चहाबद्दल मात्र कोणी विचारलंच नव्हतं. बीटचा लाल रंग रक्ताचा नाही, लोहाचाही नाही. तो बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. रंगाला रंग जुळला म्हणून औषध ठरवायची ही सवय फार जुनी आहे, आणि ती सुटायला हवी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. सगळा दोष चहाचा नाही. पण ज्यांचं लोह मुळातच कमी आणि ताटात भाजी-भाकरीच असते, त्यांना हा कप महागात पडतो.

का, ते पाहू. शरीरात एकूण लोह जेमतेम ३ ते ४ ग्रॅम, आणि रोज आतड्यातून आत येतं १-२ मिलिग्रॅम. बाजरी, डाळी, पालेभाज्यांतलं लोह पोटात बहुतांशी फेरिक रूपात असतं, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं. आतड्याच्या पेशीवर डीएमटी-१ नावाचं प्रथिन आहे. या लोहाला आत शिरायचं ते याच दारातून, आणि हे दार फक्त फेरस लोह घेतं, दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं. म्हणून दाराशीच एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं. ते फेरिकला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं. पण त्यासाठी लोह विरघळलेलं आणि मोकळं हवं. जठरातलं आम्ल त्याला विरघळवतं खरं, मात्र पुढे लहान आतड्यात ते आम्ल शमतं आणि फेरिक लोह साक्याच्या रूपात बसू लागतं. लोह मुख्यतः शोषलं जातं ते या आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात. अवधी थोडा, जागा थोडी. नेमके तिथेच चहातले पॉलिफेनॉल येतात, टॅनिन ज्या कुळातलं ती द्रव्यं. त्यांच्या रेणूतल्या कड्यांवर हायड्रॉक्सिलचे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे) गट शेजारी शेजारी असतात, आणि ते खेकड्याच्या नांगीसारखे फेरिकला दोन्हीकडून धरतात. असं धरलेलं लोह विरघळत नाही, दारातून आत जात नाही, सरळ शरीराबाहेर पडतं.

१९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात हेच दिसलं. पाव असो वा भात, चहामुळे लोहाचं शोषण घटलं. शिजवलेल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहावर मात्र परिणाम झाला नाही, कारण ते हीम नावाच्या रेणूच्या कड्यात आधीच बंदिस्त असतं. मटण-मासे खाणाऱ्याला धोका कमी, तो यामुळे. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबरच्या चहाने शोषण ६४ टक्क्यांनी, कॉफीने ३९ टक्क्यांनी घटलं. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेलीने तेवढंच बिघडलं. जेवण तोवर पोटातच असतं ना!

दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. आरोग्याच्या नावाने खपणारा ग्रीन टीसुद्धा इथे निर्दोष नाही, त्यातही कॅटेचिन नावाचे पॉलिफेनॉल भरपूर असतात. उलट वरणावर पिळलेलं लिंबू खरोखर कामाचं आहे. त्यातलं क जीवनसत्त्व फेरिकला इलेक्ट्रॉन देतं आणि लोह विरघळलेलं ठेवतं.

बहिणीला हे सगळं सांगून पटेना. मग कोरा चहा गाळून पेल्यात घेतला आणि तिचीच एक गोळी कुटून त्यात टाकली. तांबूस चहा बघता बघता शाईसारखा झाला. आता ती गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते, आणि दुपारचा चहा चार वाजता.