बीडाच्या ब्लॉकवरच्या खुणा

जुन्या गाडीचं इंजिन उघडलं की पहिला प्रश्न हाच पडतो: ही खूण फाउंड्रीतली, की नंतर कुणाच्या हातची? तो पडायचं कारण बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामातच आहे.

ब्लॉक म्हणजे इंजिनचा सिलेंडर असलेला मुख्य भाग. त्यात पाणी फिरण्याच्या पोकळ्या ओतताना साच्यात वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बसवतात. गाभा जरा सरकला की सिलेंडरची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. फोर्डने १९३२ मध्ये व्ही-८चा (व्ही आकारात आठ सिलेंडर) अख्खा ब्लॉक एकाच ओतीत काढायला घेतला, तेव्हा सुरुवातीला कित्येक ब्लॉक भंगारात गेले. पुढे १९६२च्या सुमारास त्याच कंपनीने वजन घटवण्यासाठी मुद्दाम पातळ भिंतींचे ब्लॉक काढले. अशा ब्लॉकमध्ये गाभा थोडा सरकला तरी महागात पडतो, विशेषतः आधी एकदा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) वाढवलेला असेल तर. कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) भोकाभोवतीचं कडं एकसारखं जाड आहे का, हे जाणकार आधी बघतात. पण तो नुसता अंदाज. खरी जाडी अल्ट्रासॉनिक मीटरच सांगतो.

तडे शोधायची जुनी रीत साधी होती. भाग तेलात बुडवायचा, पुसायचा आणि वर खडूची भुकटी फासायची; तड्यातलं तेल झिरपून डाग उमटे. रेल्वेच्या कारखान्यांत हे सर्रास चाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात विल्यम होक या अमेरिकन माणसाच्या लक्षात आलं, की चुंबकीय पकडीवर घासलेल्या पोलादाचा चुरा तड्यांच्या रेषेवर गोळा होतो. त्यावरूनच पुढची चुंबकीय तपासणी आली आणि १९३४ मध्ये मॅग्नाफ्लक्स कंपनी उभी राहिली. अल्युमिनियमच्या हेडला (सिलेंडरवरच्या झाकणाला) मात्र ती लागू नाही, तिथे रंगद्रव्य झिरपवावं लागतं.

फेरफार ओळखणं जास्त मजेचं. ओतीव पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत असतो. पोर्टमध्ये (हवा आणि धूर जायच्या वाटेत) तो गुळगुळीत दिसला की ग्राइंडर फिरलाय. शेवरोलेच्या ब्लॉकवर ओतल्याची तारीख उठावात असते: ‘डी १६ ९’ म्हणजे १६ एप्रिल, साल ९ने संपणारं. दशक तुम्ही शोधायचं! हे आकडे ओतीव, म्हणून बदलणं अवघड. इंजिन क्रमांक मात्र मशीन केलेल्या पट्टीवर ठोकलेला असतो, आणि ब्लॉकला फेसिंग केलं (वरचा पृष्ठभाग कापून सपाट केला) की तो पुसला जातो. म्हणून संशयी गिऱ्हाईक आकडे नंतर वाचतो. आधी त्यांच्याखालच्या, ब्रोच या कारखान्यातल्या कापायच्या हत्याराने उमटलेल्या बारीक समांतर रेषा मूळच्या आहेत का, ते पाहतो.