छापील मार्गदर्शिकांचे पैसे : वादाची पार्श्वभूमी

मुक्त सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या, स्वयंसेवकांनी लिहिलेल्या मार्गदर्शिका पीडीएफ रूपात फुकट मिळतात आणि त्याच छापून विकल्याही जातात. या विक्रीला मुक्त परवान्यांची, म्हणजे मजकूर कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशी मुभा देणाऱ्या परवान्यांची, आडकाठी नाही. वाद होतो तो पैसे आल्यावर. ते कोणाच्या नावावर जमा झाले आणि कशावर खर्च करायचे हे कोणी ठरवले, याबद्दल परवाने अवाक्षर काढत नाहीत.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत विक्री नवी नाही. १९८५ मध्ये ईमॅक्स या मजकूर-संपादक सॉफ्टवेअरची चुंबकीय टेप १५० डॉलरला विकली जात होती, पुढे छापील मॅन्युअलही विकली जाऊ लागली. विकणारी आणि हिशेब ठेवणारी संस्था एकच असल्यामुळे भांडणाला जागा नव्हती. १९९९ च्या ओपन पब्लिकेशन लायसन्समध्ये एक ऐच्छिक कलम होते. ते लावले तर कागदावर छापून विकण्याआधी हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागे. २००० साली आलेल्या जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सने तसे कलम ठेवले नाही. १०० हून अधिक प्रती काढणाऱ्यावर काही जादा बंधने आली. पण मोठ्या संख्येने प्रती वाटण्याआधी लेखकांना कळवावे, ही नुसती विनंती राहिली.

डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले आणि ‘अव्यावसायिक’, म्हणजे पैसे कमावण्यासाठी वापर नको, या अटीचा मोह अनेकांना पडला. ज्या गटांनी ही अट नाकारली त्यांनी शहाणपणा केला, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक प्रकरणाचा हक्क ज्याच्या त्याच्याकडे असतो. ती अट लावली असती तर तिऱ्हाईत विक्रेत्याबरोबर खुद्द गटाचीही छपाई अडली असती, आणि दहा वर्षांपूर्वी एक प्रकरण लिहून निघून गेलेल्या माणसाला शोधून त्याची संमती घ्यावी लागली असती. अट नसल्याचा तोटाही दिसला. २००९-१० च्या सुमारास विकिपीडियाचे लेख जसेच्या तसे छापून भरमसाट किमतीला विकणारे प्रकाशक उभे राहिले. परवान्याच्या चौकटीत राहून त्यांना ते करता येत होते.

खरा फरक पडला तो मागणीनुसार छपाईमुळे, म्हणजे मागणी येईल तशी प्रत छापून देणाऱ्या सेवांमुळे. आधी हजार प्रतींचे भांडवल लागे, म्हणून प्रकाशक लागे आणि प्रकाशक असला की करार लागे. आता अशा सेवेवर फाइल चढवली की पुस्तक विक्रीला. समजा, पुस्तकाची किंमत १०० आणि छपाई ५०. थेट विक्रीत उरलेल्या ५० पैकी २० टक्के, म्हणजे १०, सेवा ठेवते आणि गटाला ४० मिळतात. तेच पुस्तक दुकानांच्या जाळ्यात गेले आणि दुकानाने किमतीच्या निम्मी सवलत मागितली, तर गटाच्या हाती शून्य. म्हणून कुठे किंमत वाढली, कुठे एकाच पुस्तकाच्या दोन किमती झाल्या, आणि ‘नफेखोरी चालली आहे’ अशी कुजबुज पहिल्यांदा तिथून निघाली.

पण या सेवांवर खाते उघडायला नाव लागते, बँकेचा तपशील लागतो आणि कराचा फॉर्म भरावा लागतो. गटाला कायदेशीर अस्तित्वच नसते, तेव्हा कोणी तरी एकाने स्वतःचे नाव दिले. बहुतेक ठिकाणी हे निव्वळ सोयीपोटी आणि पूर्ण सद्भावनेने झाले. परिणाम मात्र असा की कायद्याच्या नजरेत ते त्या व्यक्तीचे उत्पन्न ठरले. अमेरिकी सेवेकडून येणारी रॉयल्टी अमेरिकेबाहेरच्या माणसाला जात असेल आणि कर-कराराचा लाभ घेता आला नसेल, तर ३० टक्के आधीच कापले जातात. वरच्या उदाहरणातल्या ४० चे २८ झाले. शिवाय स्वतःच्या देशातले विवरणपत्र भरायचे तेही त्यानेच. गटातल्या बाकीच्यांना विक्रीचे आकडे दिसत, ही कपात दिसत नसे. संशय वाढला तो या अदृश्य भागामुळे.

पैसे लेखकांत वाटावेत की सामायिक ठेवावेत, हा यातला सर्वांत कडवट निर्णय. वाटपाच्या बाजूने बोलणारे लोभी नव्हते. त्यांतले काही लेखनावरच पोट भरणारे होते आणि कष्टाचा मोबदला मागण्यात गैर काही नाही. अडचण मोजमापाची होती. पानांवर वाटायचे म्हटले तर मुद्रितशोधन करणाऱ्याला काहीच मिळत नाही. बदलांच्या संख्येवर वाटायचे म्हटले तर स्वल्पविराम दुरुस्त करणारा मूळ लेखकाच्या पुढे जातो. चित्रे नव्याने घेणारा, सूची करणारा, जुन्या आवृत्तीतला मजकूर ज्याचा अजून जिवंत आहे तो, यांचा वाटा कसा ठरवायचा? शिवाय दरडोई रक्कम इतकी थोडी की पाठवण्याच्या शुल्कातच बरीचशी जावी. सामायिक निधीचा निर्णय म्हणून टिकला आणि तो योग्यच होता: आधी तपासणी प्रती, डोमेन, सर्व्हर, उरले तर भेटीगाठींचा प्रवासखर्च. चूक झाली ती पुढे. निधी सामायिक, पण ताळेबंद मागितल्याशिवाय दाखवायचा नाही, अशी पद्धत कित्येक ठिकाणी पडली.

सप्टेंबर २०१० मध्ये ओपनऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून लिबरऑफिस वेगळे झाले. मार्गदर्शिकांचा मजकूर परवान्यामुळे सहज नव्या नावाने पुढे गेला. अशा फुटीत मजकुराची प्रत निघते, खात्यातल्या शिल्लकेची निघत नाही. प्रकल्पाची संस्था म्हणते, बोधचिन्ह आमचे, पुस्तक त्याच्यामुळे विकले जाते. लेखक म्हणतात, रात्री जागून लिहिले आम्ही. दोन्ही दाव्यांत तथ्य आहे, तरी लेखकांच्या दाव्याला नेहमी कमी वजन मिळाले, हे नोंदवायला हवे.

पालक संस्थेकडे खाते सोपवण्याचा मार्ग तोवर रुळला होता. अशी एक संस्था १९९७ पासून, दुसरी २००६ पासून आहे. कागदपत्रे आणि कराची बाजू त्या सांभाळतात आणि जमा रकमेतून अनुक्रमे ५ आणि १० टक्के घेतात. छोट्या गटांना हे डोईजड वाटते, पण एका माणसाच्या वैयक्तिक खात्यापेक्षा केव्हाही बरे. गेल्या दशकात प्रत्येक जमाखर्च सर्वांना दिसेल अशा खुल्या वह्यांची सोयही झाली आहे.

भाषांतरांचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. अनुवादित आवृत्ती वेगळी मंडळी छापतात, त्यांचे खाते वेगळे असते. मूळ गटाच्या निधीत त्यांनी भर घालावी की त्या निधीतून त्यांना छपाईसाठी मदत मिळावी, यावर प्रत्येक गटात वेगळा निर्णय होतो, आणि बरेचदा तो लेखी नसतो.