तीन सेलचा पॅक आणि एका सेलची चिप

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा बॅटरीच्या टक्क्यांचा आकडा फ्युएल गेज नावाच्या चिपने मांडलेल्या हिशेबातून येतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्टेज ४.२ च्या आसपास असते आणि रिकामा होत आला की ते ३ पर्यंत उतरते. हे व्होल्टेज आणि तापमान पाहून, आणि काही चिपांत सेलमधून गेलेल्या विद्युतधारेची मोजदाद ठेवून, उरलेल्या चार्जचा अंदाज बांधला जातो. अशी चिप स्वस्त असते आणि सहज मिळते. त्यामुळे रोबोट किंवा सायकलीचा दिवा स्वतः बनवणाऱ्यांना तीच आपल्या दोन-तीन सेलच्या पॅकवरही चालेल का, असा प्रश्न पडतो.

सेल समांतर जोडलेले असतील, तर उत्तर सोपे आहे. अशा जोडणीत व्होल्टेज एका सेलइतकेच राहते आणि क्षमता वाढते. चिपला एक मोठा सेल दिसतो आणि तिच्यात नोंदवलेली क्षमता तेवढी बदलावी लागते. विद्युतधारा मोजणारी चिप असेल, तर वाढलेली धारा तिच्या मर्यादेत बसते ना, एवढे पाहावे.

एकसर जोडणीत मात्र व्होल्टेजची बेरीज होते. तीन सेलचा भरलेला पॅक १२.६ व्होल्ट देतो आणि ५-६ व्होल्टपर्यंतच सहन करू शकणारी चिप त्यावर थेट जोडली तर जळते. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेजचा एक तृतीयांश भाग चिपला दाखवणे. त्यासाठी चिपची मोजणीची पिन तिच्या वीजपुरवठ्याच्या पिनपासून वेगळी हवी. काही चिपांत ती तशी नसते आणि मग चिपच स्वतः ओढत असलेल्या धारेमुळे मोजले जाणारे व्होल्टेज बिघडते. रेझिस्टरची अचूकताही येथे फार महत्त्वाची ठरते. १ टक्का चूक असू शकणारे दोन रेझिस्टर विरुद्ध दिशांना चुकले, तर दाखवलेल्या व्होल्टेजमध्ये सुमारे १.३ टक्के, म्हणजे ३.८ व्होल्टला जवळजवळ ५० मिलिव्होल्ट, इतका फरक पडतो. सेलच्या व्होल्टेजचा आलेख मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की या ५० मिलिव्होल्टमुळे टक्क्यांचा आकडा दहा-पंधराने चुकू शकतो. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमध्ये तर आलेख आणखी सपाट असल्याने तो आकडा निरुपयोगीच होतो. ०.१ टक्का अचूकतेचे रेझिस्टर वापरले, तर हा दोष पुष्कळ कमी होतो.

त्याने जात नाही तो दोष सरासरीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. समजा, दोन सेल ३.९ व्होल्टवर आहेत आणि जुना झालेला तिसरा ३.० वर आला आहे. बेरीज १०.८ होते, चिपला ३.६ दिसतात आणि ती अजून चार्ज शिल्लक असल्याचे सांगते. प्रत्यक्षात तिसरा सेल संपलेला असतो. एकसर जोडणीत सर्व सेलमधून एकच धारा वाहत असल्याने पॅकने तिथेच थांबायला हवे. संरक्षक सर्किट असेल तर ते पुरवठा तोडते आणि आकडा शून्यापासून दूर असतानाच उपकरण बंद पडते; नसेल तर तो सेल अतिरिक्त डिस्चार्ज होऊन कायमचा खराब होतो.

काही जण चिप फक्त सर्वांत खालच्या सेलवर बसवतात. धारा सर्वांत समान असल्याने हे तर्कशुद्ध वाटते, पण वरचे दोन सेल चिपला दिसतच नाहीत. शिवाय चिप स्वतः जी धारा वापरते ती त्या एकाच सेलमधून जाते. ती केवळ २० मायक्रोअँपिअर धरली, तरी वर्षभरात सुमारे १७५ मिलिअँपिअर-तास होतात. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलच्या दृष्टीने हा जवळजवळ ७ टक्के असमतोल आहे आणि तो मोजणाऱ्या चिपनेच निर्माण केलेला असतो.

क्षमता नोंदवतानाही एक चूक वारंवार होते. २६०० मिलिअँपिअर-तासांचे तीन सेल एकसर जोडले तरी पॅकची क्षमता २६०० मिलिअँपिअर-तासच राहते. तिप्पट होते ती ऊर्जा, साधारण २८ वॅट-तास.

दोन सेलसाठी वेगळी चिप घेणे उत्तम. एका सेलच्या मॅक्स १७०४८ या फ्युएल गेज चिपची दोन सेलसाठीची जोडीदार म्हणून मॅक्स १७०४९ मिळते. त्याहून मोठ्या पॅकला प्रत्येक सेलचे व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजणारी चिप लागते. रेडिओ-नियंत्रित खेळण्यांच्या तीन सेलच्या पॅकला बॅलन्स चार्जिंगसाठी, म्हणजे सर्व सेल सारखे भरले जावेत म्हणून, चार तारांचा छोटा कनेक्टर असतोच. त्याच चार तारा मोजणाऱ्या चिपपर्यंत नेल्या की तिला तिन्ही सेल वेगवेगळे दिसतात.