तुटक रेषा सलग का छापली जाते?

एका बंगल्याच्या तळमजल्याचा प्लॅन घेऊन मिस्त्री साइटवरून आले आणि स्वयंपाकघरावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इथे पायरी घ्यायची आहे का?" पायरी कुठेच नव्हती. त्यांच्या बोटाखाली होती ती लॉफ्टची कड. डोक्यावरची गोष्ट प्लॅनमध्ये तुटक रेषेने दाखवतात, आणि मीही ती तुटकच काढली होती. कागदावर मात्र ती सलग उमटली होती. खोलीच्या मधून गेलेली सलग रेषा दिसली की तिथे जमिनीची पातळी बदलते, असाच अर्थ कोणीही लावेल. मिस्त्रींनी प्लॅन अगदी बरोबर वाचला होता.

रेषेची जाडी आणि तिची तुटण्याची पद्धत यांतून ड्रॉइंग बोलतं. जाड सलग रेषा म्हणजे डोळ्यांना दिसणारी कड. बारीक सलग रेषा मापांसाठी आणि हॅचसाठी, म्हणजे आत भरलेल्या तिरक्या रेघांसाठी. तुटक रेषा लपलेल्या कडेची. एक लांब, एक आखूड अशी साखळी रेषा म्हणजे मध्यरेषा. भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी ४६' या पुस्तिकेत हे प्रकार अक्षरांनी दिले आहेत, आणि जाड रेषा बारीक रेषेच्या किमान दुप्पट असावी असंही सांगितलं आहे. मंजुरीसाठी जाणाऱ्या नकाशात ड्रेनेजची लाइन लाल ठिपक्यांची असते, पाडायचं काम पिवळ्या हॅचने दाखवतात. यातली एक रेषा चुकीची उमटली तर वाक्यातला 'नाही' गळून पडल्यासारखं होतं.

ड्रॉइंग बोर्डवर हा घोटाळा होत नसे. पेन्सिलीने तुटक रेषा ओढताना हात आपसूक तीनेक मिलिमीटरचा तुकडा काढून जरा उचलला जायचा. भिंत तीन मीटरची असो नाहीतर तीस मीटरची, तुकडा तेवढाच. १:१०० च्या प्रमाणात भिंत शंभरपट लहान होते. तुकडा लहान व्हायचा प्रश्नच येत नाही, कारण तो मुळात भिंतीवर नसतोच. ती कागदावरची खूण आहे. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, आपण भिंत खऱ्या मापात काढतो, तीन मीटरची भिंत म्हणजे ३००० मिलिमीटर. प्रमाण लागतं ते छापताना. मग तुकड्याची लांबी कुठल्या मापात धरायची, भिंतीच्या की कागदाच्या? रेषांबाबतच्या निम्म्याहून अधिक तक्रारी माझ्या मते या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ साली आलं. त्यातले रेषांचे नमुने साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, नोटपॅडमध्येही उघडता येतात. मेट्रिक ड्रॉइंगसाठीच्या फाइलमध्ये 'हिडन' या रेषेची सगळी व्याख्या एवढीच आहे: ए, ६.३५, -३.१७५. धन आकडा म्हणजे पेन कागदाला टेकलेलं, ऋण आकडा म्हणजे पेन उचललेलं, शून्य असेल तर ठिपका. 'सेंटर' रेषा लिहिली आहे ३१.७५, -६.३५, ६.३५, -६.३५ अशी. ६.३५ मिलिमीटर म्हणजे पाव इंच. इंचातल्या जुन्या नमुन्यांना २५.४ ने गुणून हे आकडे आले आहेत. सुरुवातीचा 'ए' मला फार आवडतो. रेषेची दोन्ही टोकं तुकड्यानेच संपली पाहिजेत, असं तो सांगतो. त्यासाठी प्रोग्रॅम टोकाचे तुकडे थोडे लांब-आखूड करून घेतो, म्हणजे दोन तुटक रेषांच्या कोपऱ्यात भोक राहत नाही. चांगला ड्राफ्ट्समन हातानेही नेमकं हेच करत असे.

आता माझ्या लॉफ्टचा हिशेब. कड तीन मीटर लांब, रेषा 'हिडन'. एक तुकडा आणि एक मोकळी जागा मिळून ९.५२५ मिलिमीटर, म्हणजे ३००० मिलिमीटरमध्ये सुमारे ३१५ तुकडे. १:१०० ला छापल्यावर ही कड कागदावर ३० मिलिमीटर झाली. त्या ३० मिलिमीटरमध्ये ३१५ तुकडे बसवायचे, म्हणजे एका तुकड्याला त्याच्या मोकळ्या जागेसह मिलिमीटरचा दहावा भागही मिळत नाही. मोकळी जागा उरली ०.०३ मिलिमीटर आणि रेषेची जाडी होती ०.२५. शाईने ती फट भरून काढली. काढताना हे लक्षात आलं नाही, कारण मी स्वयंपाकघरावर झूम करून काम करत होते आणि स्क्रीनवर तुकडे अगदी स्वच्छ दिसत होते.

यावरचा उपाय म्हणजे एलटीस्केल हा एकच आकडा. तो ५० केला की सगळ्या ड्रॉइंगमधले तुकडे पन्नासपट होतात. १:१०० ला छापल्यावर तुकडा सुमारे ३.२ मिलिमीटर, मोकळी जागा १.६, आणि माझ्या लॉफ्टच्या कडेत सहा तुकडे. पण मग लगेच उलटी अडचण येते. त्याच ड्रॉइंगमध्ये २०० मिलिमीटर खोलीचं फडताळ आहे. त्याची बाजू नमुन्याच्या एका फेरीपेक्षा आखूड पडते. नमुना एकदाही बसत नसला की प्रोग्रॅम ती रेषा सलगच काढतो. म्हणजे आकडा फार लहान असला तरी रेषा सलग, फार मोठा असला तरी सलग. नवीन मुलं इथेच गोंधळतात आणि आकडा नको त्या दिशेला वाढवत नेतात. ओळखायची खूण सोपी आहे. रेषेवर खूप झूम करून 'रीजेन', म्हणजे चित्र नव्याने आखायची आज्ञा, द्यायची. तुकडे दिसू लागले तर आकडा लहान आहे. कितीही जवळ गेलं तरी रेषा सलगच राहिली तर आकडा मोठा आहे, किंवा त्या रेषेला तिच्या लेअरचा (ड्रॉइंगमधल्या थराचा) प्रकार न लागता थेट 'कंटिन्युअस', म्हणजे सलग हा प्रकार, चिकटलेला आहे. फडताळासारख्या एकट्या रेषेसाठी सगळा आकडा हलवू नये. प्रॉपर्टीज या रेषेची माहिती दाखवणाऱ्या खिडकीत त्या रेषेचं स्वतःचं प्रमाण कमी करता येतं.

नाल्याची हद्द किंवा कंटूर (समान उंचीची रेषा) यांसारख्या वळणावळणाच्या पॉलीलाइनमध्ये, म्हणजे अनेक रेषा जोडून एक केलेल्या रेषेत, नमुना प्रत्येक कोपऱ्यापाशी नव्याने सुरू होतो, म्हणून तीही सलग दिसते. तिथे 'पीलाइनजेन' ही सेटिंग १ करावी. आणि एकाच शीटवर १:१०० चा प्लॅन नि १:२० चा टॉयलेट डिटेल असेल, तर 'पीएसएलटीस्केल' ही सेटिंग १ ठेवली की शीटवरच्या दोन्ही चौकटींत तुकडे कागदाच्या मापाने सारखे उमटतात. मग एलटीस्केल ५० ठेवायचा नाही, ०.५ पुरतो. माझ्या मते हाच खरा उपाय, कारण बोर्डवरची जुनी रीत इथे परत येते: तुकडा कागदाचा, भिंत जगाची.

तुकडा तीन मिलिमीटरचाच का, याचंही उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय मानकात तुकड्याची लांबी रेषेच्या जाडीत सांगतात: तुकडा जाडीच्या १२ पट, मोकळी जागा ३ पट. पाव मिलिमीटरच्या रेषेला तुकडा बरोबर तीन मिलिमीटर येतो. जाडीचे आकडेही असेच विचार करून ठरवलेले आहेत: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनचं वर्गमूळ. ए४ च्या बाजूंना १.४१ ने गुणलं की ए३ होतो. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात ए३ चा ए४ करताना ७१ टक्के लावतात, आणि त्या प्रतीत ०.५ ची रेषा ०.३५ ची, ०.३५ ची ०.२५ ची होते. छोट्या प्रतीवर दुरुस्ती करायची झाली तर त्याच संचातलं पुढचं पेन उचलायचं, नवी-जुनी रेषा वेगळी ओळखूही येत नाही. शाईची पेनं वापरणाऱ्यांना झाकणांचे रंग आठवत असतील: ०.२५ चं पांढरं, ०.३५ चं पिवळं, ०.५ चं तपकिरी.

हाच १.४१ स्क्रीनवरच्या खिडक्या मांडतानाही कामी येतो. आडव्या ए३ ची लांबी रुंदीच्या १.४१ पट, आजचा नेहमीचा मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे १.७८ पट. वरची बटणांची रिबन, खालची आज्ञा टाइप करायची कमांड लाइन आणि टास्कबार वगळून उभी जागा साधारण ८५० पिक्सेल उरते असं धरू. तेवढ्या उंचीत पूर्ण शीट बसवली तर ती १२०० पिक्सेल रुंद होते. बाजूला ७०० पिक्सेल मोकळेच! उंची कमी, रुंदी मुबलक. म्हणून लेअर आणि प्रॉपर्टीज या खिडक्या डाव्या-उजव्या कडेला लावाव्यात, वरखाली कधीही नाही. आणि प्रॉपर्टीज झाकून ठेवू नये. कंट्रोल आणि १ दाबून ती उघडा, कडेला चिकटवा, उघडीच ठेवा. रेषेवर क्लिक करताच तिचा प्रकार 'बायलेअर', म्हणजे लेअरवरून घेतलेला, आहे की नाही, तिचं प्रमाण किती, हे समोर दिसतं. फुकट मिळणाऱ्या लिब्रकॅडमध्येही खिडक्या अशाच ओढून कडेला लावता येतात. लेअरची खिडकी रुंद असते. ती आपोआप मिटणारी ठेवली की कडेला नुसती पट्टी उरते. माऊसचा बाण स्क्रीनच्या कडेला अडतो, त्यामुळे ती पट्टी न बघताही सापडते. डावीकडे दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर मात्र पट्टी उजवीकडे हवी, नाहीतर बाण पलीकडे निघून जातो.

१९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' केलं, तेव्हा त्या छोट्या पडद्यावर अशा खिडक्या नव्हत्याच. एका हातात प्रकाशलेखणी, दुसरा हात बटणांवर, पडदा सगळा चित्राला. डाव्या हाताने 'एलए' (लेअर) किंवा 'एमए' (एका रेषेचे गुण दुसरीला देणं) या आज्ञा टाइप करत उजव्या हाताने माऊस चालवणारा ड्राफ्ट्समन पाहिला की मला तीच बैठक दिसते.

मी दोन वर्कस्पेस, म्हणजे खिडक्यांच्या मांडण्या, साठवून ठेवल्या आहेत. काढण्याच्या वेळची वेगळी, तपासण्याच्या वेळची वेगळी. दुसरीत फक्त प्रॉपर्टीजची खिडकी आणि पूर्ण शीट, रेषांच्या जाड्या दाखवणारं बटण चालू. छापायला देण्याआधी शीट तिच्यात एकदा बघते, आणि प्रिंट हातात आला की पहिल्यांदा लॉफ्टच्या कडेला मोजपट्टी लावते: तीस मिलिमीटर, सहा तुकडे.