रासायनिक समीकरणांचे संतुलन आणि आयनिक समीकरणे

रासायनिक अभिक्रियेत कोणते पदार्थ किती प्रमाणात एकत्र येतात आणि त्यांपासून काय, किती तयार होते, हे थोडक्यात सांगणारी मांडणी म्हणजे रासायनिक समीकरण. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू डावीकडे जितके, तितकेच उजवीकडे भरले की समीकरण संतुलित झाले. अभिक्रिया द्रावणात घडत असेल आणि तिच्यात खरोखर भाग घेणारे आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू किंवा अणुगट, तेवढेच ठेवले, तर त्या मांडणीला निव्वळ आयनिक समीकरण म्हणतात.

संतुलनाचा आधार द्रव्य अक्षय्यतेचा नियम हा आहे: अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने तराजूच्या साहाय्याने तो प्रस्थापित केला आणि १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडला. आज वापरात असलेली मूलद्रव्यांची अक्षरचिन्हे पुढे स्वीडनच्या बर्झेलियसने रूढ केली. या नोंदीत चिन्हांऐवजी नावेच वापरली आहेत. नावाआधीचा अंक रेणूंची, अणूंची किंवा आयनांची संख्या सांगतो, तर नावानंतरच्या कंसातला अंक आयनाचा विद्युतप्रभार.

मुंबईतल्या अनेक स्वयंपाकघरांत पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. मिथेनच्या रेणूत कार्बनचा १ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात.

मिथेन + २ ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + २ पाणी

कार्बन आधीच जुळलेला आहे. हायड्रोजनचे ४ अणू खपवायला पाण्याचे २ रेणू लागतात, आणि मग उजवीकडे ऑक्सिजनचे ४ अणू होतात, म्हणून डावीकडे त्याचे २ रेणू. जे मूलद्रव्य सुटे आहे ते शेवटी जुळवावे, कारण त्याचा आकडा बदलल्याने दुसरे काही बिघडत नाही. वजनातही हेच दिसते: १६ ग्रॅम मिथेनला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ३६ ग्रॅम पाणी मिळते. दोन्हीकडे ८० ग्रॅम.

विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते रेणुसूत्रातल्या खालच्या अंकाला, म्हणजे एका रेणूत किती अणू आहेत हे सांगणाऱ्या अंकाला, हात लावून. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होताना ऑक्सिजनचा एक अणू उरतो, म्हणून तो पाण्याच्या सूत्रातच घातला, तर आकडे जुळतात. पण तो पदार्थ पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. बदलायचा तो रेणूंचा आकडा, रेणू नव्हे. ही एक गोष्ट वर्गात पक्की झाली की अर्धे काम झाले, असे म्हणायला हरकत नाही.

क्षार पाण्यात विरघळला की त्याचे आयन वेगळे होतात, ही कल्पना अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधापासून पुढे नेली. तिच्यासाठी त्याला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गिरगाव चौपाटीवरचे बाटलीभर समुद्राचे पाणी गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका बसतो. पाठ्यपुस्तकात याला अवक्षेप म्हणतात.

सिल्व्हर आयन (१+) + क्लोराइड आयन (१−) → सिल्व्हर क्लोराइड (अवक्षेप)

समुद्राच्या पाण्यातला सोडियम आणि सिल्व्हर नायट्रेटमधला नायट्रेट आधी जसे होते तसेच द्रावणात राहतात. त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. क्लोराइड सोडियमसोबत आलेले असो, पोटॅशियमसोबत की मॅग्नेशियमसोबत, वरची ओळ बदलत नाही. आयनिक समीकरणाचे बळ इथे आहे: ते वेगवेगळ्या डझनभर अभिक्रियांमधली एकच घटना वेगळी काढून दाखवते.

आयन सुटे कोणाचे लिहायचे, याला नियम आहे. तीव्र आम्ले, तीव्र आम्लारी आणि पाण्यात विरघळणारे क्षार सुटे करायचे. अवक्षेप, वायू, पाणी आणि व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लासारखी सौम्य आम्ले अखंड ठेवायची. शिवाय अणूंबरोबर विद्युतप्रभारही जुळला पाहिजे. तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडली की तिच्यावर चांदी जमते. एक तांबे आणि एक सिल्व्हर आयन लिहिले तर अणू जुळतात, पण डावीकडे प्रभार १+ आणि उजवीकडे २+ होतो. म्हणून:

तांबे + २ सिल्व्हर आयन (१+) → कॉपर आयन (२+) + २ चांदी

राज्य मंडळाच्या दहावीत मराठी माध्यमाची मुले ‘समीकरण संतुलित करा’ हा प्रश्न सोडवतात. अकरावीला विज्ञान शाखेत गेली की अवक्षेपाचा प्रेसिपिटेट होतो आणि बऱ्याच जणांना सगळे नव्याने शिकल्यासारखे वाटते. रसायनशास्त्राच्या ऑलिम्पियाडची देशातली तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. २००१ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मुंबईतच झाली होती.

संतुलन आणि आयन या दोन्हींची गरज एकाच ठिकाणी दिसते ती गणेशमूर्तीच्या विसर्जनात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावून घट्ट होते तेव्हा त्याचे जिप्सम, म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरून असलेले कॅल्शियम सल्फेट, बनते. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, म्हणून मूर्ती दिवसेंदिवस तशीच राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला: बादलीतल्या पाण्यात त्याची पूड मिसळून मूर्ती त्यात विसर्जित करायची.

जिप्सम + २ अमोनियम बायकार्बोनेट → कॅल्शियम कार्बोनेट + अमोनियम सल्फेट + कार्बन डायऑक्साइड + ३ पाणी

आयनिक रूप असे:

जिप्सम + २ बायकार्बोनेट आयन (१−) → कॅल्शियम कार्बोनेट + सल्फेट आयन (२−) + कार्बन डायऑक्साइड + ३ पाणी

कॅल्शियम कार्बोनेट जिप्समपेक्षाही फार कमी विरघळते, त्यामुळे द्रावणात आलेला कॅल्शियम खाली बसत जातो, बुडबुडे निघतात आणि आणखी जिप्सम विरघळते. सल्फेट मोकळा होतो.

आता समीकरणात अमोनियम बायकार्बोनेटच्या आधी आलेला तो २ चा आकडा. १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम पूड लागते, म्हणजे किलोभर जिप्समला सुमारे ९२० ग्रॅम. हा आकडा विसरून एकास एक रेणू धरले तर ४६० ग्रॅमच पूड पडेल आणि अर्धी मूर्ती बादलीत तशीच राहील. घरच्या बाप्पाला नीट निरोप देऊ पाहणाऱ्या कुटुंबासाठी ही चूक परीक्षेतल्या एका गुणापेक्षा मोठी आहे.

अमोनियम इथे प्रेक्षक आयन आहे. दुसऱ्या समीकरणात त्याचा पत्ताच नाही. पण वजनकाट्यावर पूड ठेवताना तोही तिच्यासोबत तोलला जातो, म्हणून हिशेब पहिल्या समीकरणावरूनच करावा लागतो. साका खाली बसल्यावर वरच्या पाण्यात उरते ते अमोनियम सल्फेट, म्हणजे नत्र आणि गंधक देणारे खत.