मासा मलूल दिसू लागतो तेव्हा

मासा पर अंगाशी मिटून टाकीच्या कोपऱ्यात थांबू लागला, त्याचा रंग फिका पडला, खाद्याचा दाणा तोंडात घेऊन तो पुन्हा बाहेर टाकू लागला, की आपण त्याच्या अंगावर रोगाची खूण शोधतो आणि औषध आणायला निघतो. माझे स्पष्ट मत असे की पहिली तपासणी माशाची नव्हे, पाण्याची करावी. ज्या पाण्यात मासा श्वास घेतो त्याच पाण्यात त्याने टाकलेली घाण साठत असते, आणि पाणी कितीही नितळ दिसले तरी ते त्याच्यासाठी विषारी असू शकते.

मासे शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतात. न खाल्लेले खाद्य आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. फिल्टरच्या स्पंजावर आणि तळाच्या खड्यांवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत या जिवाणूंची पुरेशी वाढ व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, त्यामुळे हौसेने पहिल्याच आठवड्यात सोडलेले मासे अनेकदा कोणताही रोग नसताना खंगत जातात. अमोनिया किती बाधेल हे पाण्याच्या सामूवरही (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) अवलंबून असते. 25 अंश सेल्सिअस तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम 0.6 टक्के भाग विषारी रूपात असतो, पण सामू 8 असेल तर तोच भाग 5 टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे पाणी तपासण्याच्या टेस्ट किटवर आकडा तोच दिसला तरी धोका जवळपास नऊ-दहा पट होतो. नायट्राइटची तऱ्हा वेगळी आहे. ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते, कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो.

टेस्ट किटमध्ये अमोनिया किंवा नायट्राइट आढळले, तर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे; नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे आणि क्लोरीन काढलेले असावे. सगळे पाणी एकदम बदलणे मात्र टाळावे, कारण सामू आणि तापमानातला अचानक फरक आधीच थकलेल्या माशाला सोसत नाही. निरोगी मोठा मासा एक-दोन दिवस उपाशी राहू शकतो, तेव्हा तेवढे दिवस खाद्य थांबवलेलेच बरे. स्पंजावरचा तपकिरी, बुळबुळीत थर पाहून तो नळाखाली लख्ख धुवावासा वाटतो, पण त्या थरातच आपले उपयोगी जिवाणू राहतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा पिळला की पुरे.

पाणी निर्दोष निघाले आणि तरीही मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असेल, तर तापमान पाहावे. 20 अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना सुमारे 7.5 मिलिग्रॅमच, अशा वेळी हवेचा पंप लावून पृष्ठभाग हलता ठेवावा. बेट्टा मासा मात्र हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे त्याने मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतला तर त्यात काळजीचे काही नाही.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खड्यांना अंग घासू लागला, तर तो बहुधा 'इक' नावाचा परजीवी असतो आणि तेथे औषध लागतेच. कातडीत दडलेल्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही. तो माशावरून गळून तळाशी पुटी, म्हणजे स्वतःभोवती कवच, करतो आणि त्या पुटीतून पोहत बाहेर पडणारी पिल्लेच औषधाने मरतात. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाल्यावरही बाटलीवरील सूचनेप्रमाणे औषध पूर्ण मुदतीपर्यंत चालू ठेवावे, आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असेल तर तेवढे दिवस तो काढून ठेवावा, कारण औषध तोच शोषून घेतो.